धडा केला का?

कंपनी वजनकाटे बनवायची. दुकानाच्या टेबलावर मावतील असे छोटे, गोदामात लागणारे मोठे, आणि अख्खा ट्रक वर चढवून तोलता येईल असे त्याहून मोठे. अशा ठिकाणी माणूस दहा वर्षं टिकला की त्याचं डोकंही काट्यासारखंच चालायला लागतं. हातात वांगं घेतलं तरी तोंडातून ग्रॅम निघतात. पासवर्डताईला इथं येऊन चौदा वर्षं झाली होती. पण ती बसायची दुसऱ्या मजल्यावर, कॉम्प्युटर विभागात, आणि हा रोग खालच्या मजल्यापुरताच आहे अशी तिची समजूत होती. माणसाच्या काय, अनेक समजुती असतात.

पासवर्डताई हे अर्थातच तिचं नाव नव्हे. पण कंपनीतल्या दोनशे माणसांना तिची आठवण यायची ती पासवर्ड विसरल्यावरच, तेव्हा दुसरं नाव पडणार तरी कुठलं? घरी गेल्यावर वेगळं काही असतं तर गोष्ट निराळी. घरात आठवीतल्या जुळ्या मुली, नवरा आणि सासूबाई. एकीचा मोजा, दुसरीची वही, नवऱ्याची किल्ली आणि सासूबाईंचा चष्मा, ह्या चार वस्तू रोज आळीपाळीनं हरवायच्या आणि चौघंही शोधायच्या आधी तिला हाक मारायचे. त्यातही चष्म्याचा नंबर पहिला. सुट्टीच्या दिवशी दुपारी जरा आडवं व्हावं तर दारात चपलांचा फटक फटक आवाज आलाच म्हणून समजा, आणि पाठोपाठ, "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" चष्मा बहुतेक वेळा सासूबाईंच्या डोक्यावर असायचा.

वर्षातले तीन दिवस मात्र तिचे स्वतःचे होते. कंपनीचा पगार, माल, बिलं सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं, ते विकणारी मंडळी दर वर्षी एक भली मोठी कॉन्फरन्स भरवायची. विमानानं जायचं, बारा मजली हॉटेलात राहायचं. एका माणसाला चार उशा. सकाळी एक काळा टी-शर्ट घातलेला गृहस्थ स्टेजवर येरझाऱ्या घालत सांगायचा की यंदापासून सगळं बदलणार आहे. मागच्या वर्षीही त्यानंच सांगितलं होतं. पासवर्डताई तेवढं भाषण इमानेइतबारे ऐकायची, गळ्यात बिल्ला अडकवून सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारायची, मिळेल ते पिशवीत टाकायची आणि दुपारी दोनच्या आत खोलीवर परतायची. दाराच्या मुठीला 'कृपया त्रास देऊ नये' अशी पाटी अडकवायची. आणि झोपायची. भर दुपारी, पडदे ओढून, चारही उशा घेऊन. पाच वर्षं हे चाललं होतं आणि ह्याची गंधवार्ता कुणालाही नव्हती.

त्या सुखाला एका बुधवारी दृष्ट लागली. मालकीणबाईंचा निरोप आला की कंपनीची माणसं वर्षाला तीन वेगवेगळ्या कॉन्फरन्सांना जातात, हे फार झालं. यंदापासून एकच. कुठल्या कॉन्फरन्सवर किती खर्च होतो आणि तिथून कंपनीला काय मिळतं, ह्याचा तुलनेचा तक्ता सोमवारपर्यंत हवा. तक्ता पासवर्डताईनं करायचा.

बाकीच्या दोन कॉन्फरन्सा कुठल्या, तेही सांगून टाकू. एक ढगवाली. तुमची सगळी माहिती आमच्या ढगात ठेवा, असं सांगणाऱ्या कंपनीची. प्रवेश फुकट, पण दिवसभर तुम्हाला काहीतरी विकल्याशिवाय सोडत नाहीत. तिथं विक्रीविभागाचा सेल्सदादा जायचा. चार माणसं दिसली की त्याला उत्साह चढतो. दुसरी सँडविचवाली. काट्यांच्या पोटात जी इवलीशी चिप असते, ती बनवणारे लोक एका तंत्रशाळेच्या हॉलमध्ये दोन दिवस जमायचे. बसनं जायचं, लाकडी बाकांवर बसायचं, दुपारी कागदात गुंडाळलेलं एक सँडविच. तिथं मिलिग्रॅम जायचा. मिलिग्रॅम म्हणजे काट्यांच्या आतला प्रोग्रॅम लिहिणारा, पन्नाशीचा, अंगानं काटकुळा आणि स्वभावानं इतका काटेकोर की चहात साखर घालतानाही चमचा डोळ्यांसमोर धरून पाहायचा. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही.

पासवर्डताईला मनातून उत्तर माहीत होतं. प्रामाणिकपणे पाहिलं तर सँडविचवालीच जिंकणार होती, आणि म्हणजेच तिचे तीन दिवस बुडणार होते. पण तक्ता आपल्या हातात आणि तक्त्यात आपणच हरायचं, एवढी काही ती दूधखुळी नव्हती. तिनं तीन ओळी आखल्या, कॉन्फरन्सांच्या. पुढं रकाने: खर्च, दिवस, उपयोग दहापैकी, मग 'वजन', आणि शेवटी एकूण. उपयोगाला वजनानं गुणायचं की झालं एकूण. वजन म्हणजे आपलं महत्त्व हो, कुठल्या गोष्टीला किती किंमत द्यायची ते. जगभर असे तक्ते असेच करतात. आणि हा रकाना सगळ्यात शेवटी, सगळ्यांचे आकडे पाहून, एकटीनं बसून भरायचा असा तिचा बेत होता. काट्यावर बोट ठेवण्याचा याहून सभ्य मार्ग अजून निघालेला नाही.

शुक्रवारी दुपारी मुलींच्या शाळेत पालकसभा होती. जाण्यापूर्वी तिनं स्वतःच्या कॉन्फरन्सला उपयोगाचे आठ गुण दिले आणि तक्ता त्या दोघांना पाठवला. सोबत लिहिलं की आपापला उपयोग भरा, वजन नंतर घेतलं तरी चालेल.

इथंच चूक झाली. हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही कंपनीत चाललं असतं. वजनकाट्यांच्या कंपनीत 'वजन नंतर घेऊ' असं कुणी म्हणत नाही. मिलिग्रॅमनं ते वाचलं, उपयोगाचे नऊ गुण लिहिले आणि सेल्सदादाला गाठून विचारलं की तिथून आणलेली पिशवी कुठाय. सेल्सदादानं ढगवाल्यांची पिशवी कपाटावरून काढली. पासवर्डताईच्या पाच वर्षांच्या वस्तू तिच्या टेबलाखाली एकाच थोरल्या पिशवीत कोंबलेल्या होत्या, ती दोघांनी धरून खाली नेली. मिलिग्रॅमची पिशवी नव्हतीच. सँडविचवाले पिशवी देत नाहीत, एक वही देतात. मग ह्या दोन शहाण्यांनी वजनखोलीत जाऊन तीन दशांशांपर्यंत वजनं घेतली. मोठी कॉन्फरन्स, सहा किलो चारशे ऐंशी ग्रॅम. ढगवाली, तीन किलो दोनशे पंधरा. सँडविचवाली, एकशे ऐंशी ग्रॅम. खाली मिलिग्रॅमनं टीपही लिहिली की वजनं तपासणी झालेल्या काट्यावर घेतली असून खोलीचं तापमान चोवीस अंश होतं. आणि सोमवारचं काम शुक्रवारीच संपवायची त्याची सवय, म्हणून तक्ता परस्पर मालकीणबाईंना पाठवून तो घरी गेला.

सोमवारी सकाळी पासवर्डताईनं तक्ता उघडला आणि ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. सेल्सदादानं स्वतःला आठ दिले होते, ते ठीकच. पण किलो? मग तिची नजर एकूणच्या रकान्यावर गेली आणि हसू थांबलं. सँडविचवाली, एक पूर्णांक बासष्ट. ढगवाली, पावणेसव्वीस. मोठी कॉन्फरन्स, जवळजवळ बावन्न. ती जिंकली होती. बोट न लावता जिंकली होती.

पाठोपाठ मालकीणबाईंचं उत्तर आलं. तक्ता पाहिला, बारा वाजता तिघांनी वजनखोलीत या, पिशव्या घेऊन.

जिना उतरताना तिनं एक वाक्य मनात जुळवलं, की बाई, वजन म्हणजे मला महत्त्व म्हणायचं होतं. वाक्य चांगलं होतं. पण त्यावर बाई विचारणार, बरं, मग महत्त्व किती? आणि ते उत्तर तिला द्यायचं नव्हतं. तीन दिवस, दुपारचे दोन, चार उशा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते आपणच, हे तिला पायरीपायरीवर कळत होतं आणि तरी ती गप्प राहायचं ठरवूनच खाली पोचली. मनाला लाज वाटत होती, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा झोप मोठी होती.

वजनखोलीत पंखा नसतो आणि खिडकी कधी उघडत नाहीत, कारण वाऱ्याच्या झुळकेनंही बारीक काटे हलतात. तिथं माणसं आपोआप हळू बोलतात. मधोमध दगडी टेबल, त्यावर दोन काटे, एक किलोंचा आणि एक ग्रॅमचा. पलीकडे मालकीणबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, आखूड पांढरे केस, बाही वर सरकवलेली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ह्याच कारखान्यात त्या पारड्यांच्या साखळ्या ओवायला लागल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्या ते कुणाला विसरू देत नसत.

त्यांनी तक्त्याचा कागद टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "धडा केला का?"

आता हा शब्द सांगायला हवा. पूर्वी तेल तोलायचं असलं तर आधी रिकामं भांडं एका पारड्यात ठेवत आणि दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचे दगड टाकून दोन्ही बाजू सारख्या करत. मग भांड्यात तेल ओतत, म्हणजे भांड्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी बसत नसत. त्या दगडांना धडा म्हणायचं. आजच्या काट्यांत ते काम एक बटण करतं, त्याचं नावही निराळं आहे, पण ह्या कारखान्यात सगळे धडाच म्हणत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवायची ती हीच, की आधी धडा, मग वजन.

मिलिग्रॅमचा चेहरा पाहवत नव्हता. तीस वर्षांत तो कधी धडा विसरला नव्हता आणि आज पिशव्यांसकट वजनं घेऊन, वर तापमान लिहून बसला होता. तो पुटपुटला की चुकलं. सेल्सदादा छताकडे पाहायला लागला. पासवर्डताई मनात म्हणाली, पिशवी वजा केली तरी पाच किलो कुठं जात नाहीत.

मालकीणबाई तिच्याकडे वळल्या. म्हणाल्या की तुला कुठलं वजन म्हणायचं होतं ते मला कळलंय, असे तक्ते मी तू जन्मायच्या आधीपासून बघतेय आणि तो रकाना शेवटी कोण भरतं तेही बघतेय. पासवर्डताईचे कान तापले. मग बाई म्हणाल्या की ह्या दोघांनी वजन घेतलं ते एका अर्थी बरंच झालं, आता नीट घेऊ. "इथं कामाला आलं तेवढंच काट्यावर ठेवायचं. बाकी सगळा धडा."

पहिली पाळी सेल्सदादाची. त्यानं पिशवीतून छत्री काढली, बाटली काढली, चार्जर काढले, ढगाच्या आकाराची एक उशी काढली. छत्री त्यानं आशेनं काट्यावर ठेवली. रोज वापरतो म्हणाला. बाईंनी नुसतं पाहिलं, तशी त्यानं ती परत घेतली. शेवटी खूप शोधून त्याला एका गोदामवाल्याचं कार्ड सापडलं, ज्यानं पुढं दोन मोठे काटे घेतले होते. कार्ड ठेवलं. एक ग्रॅम. ते काट्यावर एकटं पडलेलं पाहून त्याला स्वतःलाच हसू आलं.

मग मिलिग्रॅमनं वही ठेवली. गेल्या वर्षी सँडविचच्या रांगेत त्याच्या पुढं उभ्या असलेल्या एका बाईंनी त्याला सांगितलं होतं की थंड गोदामात काटे हळूहळू का सरकतात. ते त्यानं अकरा पानं लिहून आणलं आणि प्रोग्रॅम बदलला, तेव्हापासून थंड गोदामांतून एकही काटा दुरुस्तीला परत आला नव्हता. काट्यावर आकडा आला, एकशे ऐंशी. बाई काही बोलायच्या आत मिलिग्रॅमच म्हणाला की निम्मी वही कोरी आहे, ती वजा करा. पुठ्ठाही करा. बाईंनी मान हलवून नव्वद लिहिले, आणि पुठ्ठा माफ केला.

राहिली पासवर्डताई. तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. चकचकीत माहितीपत्रकं, पाच बाटल्या, बिल्ल्यांच्या पाच दोऱ्या, पेनं, एक कापडी अस्वल. ढीग केवढा झाला. मिलिग्रॅम एकेक वस्तू उचलून तिच्याकडे बघायचा, हे? आणि ती मान हलवून नाही म्हणायची. एकेक करून सगळं धड्याच्या बाजूला गेलं. शेवटी टेबलावर चार पाट्या राहिल्या. 'कृपया त्रास देऊ नये.' एका वर्षी हॉटेलात पाटीऐवजी लाल दिवा होता, म्हणून चारच.

मिलिग्रॅमनं त्या उचलल्या आणि विचारलं की ताई, ह्या कशाच्या?

खोटं बोलायला जागा होती. खूण म्हणून पुस्तकात ठेवते, मुलींना खेळायला आणल्या, काहीही चाललं असतं. पण त्या खोलीत, त्या दोन काट्यांसमोर, निम्मी वही वजा करा म्हणणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहून ते तिच्यानं होईना.

"मी तिथं झोपायला जाते, बाई," ती म्हणाली. "तिथली भाषणं आठवड्यानं फुकट बघायला मिळतात. मी ती इथंच, जेवणाच्या सुट्टीत बघते. जे शिकले ते इथं बसून शिकले. तिथं फक्त झोपते. मला कुणी हाक मारत नाही असे वर्षात तेवढेच तीन दिवस असतात."

तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याचा रागही आला, कारण रडण्यासारखं काही नव्हतं, झोपेचीच तर गोष्ट होती.

मालकीणबाईंनी चारही पाट्या घेतल्या आणि ग्रॅमच्या काट्यावर ठेवल्या. अठ्ठावीस ग्रॅम. मग म्हणाल्या, "हे वजन खरं आहे. पण ते ह्या काट्यावरचं नाही, तुझ्या घरच्या काट्यावरचं आहे. तिथं धडा कर, हाका बाजूला काढ."

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. यंदापासून सँडविचवाली. दोघांनी जायचं, मिलिग्रॅमनं आणि पासवर्डताईनं, बसनं. आणि तिच्या साठलेल्या रजा किती आहेत ते त्यांना ठाऊक होतं, एकसष्ट. त्यातल्या तीन ह्याच आठवड्यात घ्यायच्या. पासवर्डताईनं सांगून पाहिलं की घरी राहून रजा म्हणजे दुसरी पाळीच, त्यापेक्षा ऑफिस बरं. बाईंनी पाट्या तिच्या हातात दिल्या आणि दार उघडलं.

गुरुवारी दुपारी दोन वाजता, मुली शाळेतून आल्यावर, जेवणं उरकल्यावर, पासवर्डताईनं झोपायच्या खोलीच्या मुठीला एक पाटी अडकवली आणि दार लावून घेतलं. दोनच उशा होत्या, पण असू देत. झोप काही लगेच येईना. बाहेर एका मुलीनं पाटी मोठ्यानं वाचली. दुसरीनं विचारलं की आई आजारी आहे का. मग कुजबुज झाली. आणि मग चपलांचा तो आवाज आला, फटक फटक, आणि बरोब्बर दारापाशी थांबला.

आता येणार, ती मनात म्हणाली. अगं, माझा चष्मा. पांघरूण बाजूला करायला तिनं हात घातलासुद्धा. पण हाक आली नाही. चपला परत गेल्या. थोड्या वेळानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला, पण तोवर तिचे डोळे मिटायला लागले होते.

साडेतीनला तिनं दार उघडलं तर वाट अडलेली. सासूबाई दाराला पाठ लावून खुर्ची टाकून बसल्या होत्या, नाकावर चष्मा. पलीकडे मुली वह्या उघडून चिडीचूप. सासूबाईंनी ओठांवरचं बोट खाली घेतलं आणि त्या उठल्या. पासवर्डताईनं विचारलं की आई, तुम्ही दीड तास इथं बसलात?

"बसले," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पाटी हातात धरून पुन्हा एकदा वाचली. "लग्न झाल्यापासून दुपारी दार लावून मी कधी झोपले नाही गं. आधी सासरे आजारी, मग तुझा नवरा लहान, मग ह्या दोघी. आता झोपेन म्हटलं तर सवयच गेली, घरभर फिरत बसते." आणि मग जरा लाजून, "अशी आणखी एक आहे का तुझ्याकडे?"

इतक्या वर्षांत, दर सुट्टीच्या दुपारी येणारा तो चपलांचा आवाज, आणि पासवर्डताईनं कधी विचारलंच नव्हतं की ह्या बाईला झोप का येत नाही. ती आत गेली आणि दुसरी पाटी घेऊन आली. सासूबाईंच्या खोलीत त्यांना आडवं केलं, पडदा ओढला, आपल्याही दोन उशा आणून दिल्या. चष्मा काढून त्यांना दिसेल असा उशाशी ठेवला. बाहेर येऊन पाटी मुठीला अडकवली आणि ती खुर्ची ओढून ह्या दारापाशी आणली.

पाच मिनिटांनी एक मुलगी मोजा शोधत आली. पासवर्डताईनं ओठांवर बोट ठेवलं आणि दाराकडे दाखवलं.